मंगळवारची काळी केळी

हिंगोलीच्या फोटो स्टुडिओवाल्याशी माझं भांडण झालं ते एका फुलपाखरावरून. धुऊन आलेल्या फोटोंचं पाकीट मी त्याच्या काउंटरवर आपटलं आणि म्हणाले, "हे फोटो माझे नाहीत. दुसऱ्या कुणाचे तरी माझ्या पाकिटात घातलेत तुम्ही."

माणूस भला होता. त्यानं निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. "मॅडम, रोल तुमचाच आहे. हा पहिला फोटो बघा, तुमच्या दवाखान्याची पाटी."

पाटी माझ्याच उपकेंद्राची होती. तिच्यावरचा पानाच्या पिचकारीचा डागसुद्धा ओळखीचा होता. तरी मला पटेना. पावसाळ्यात त्याच झाडाखाली, त्याच वेळेला मी ज्या फुलपाखराचे फोटो काढले होते, त्याच्या मिटलेल्या पंखांच्या कडेनं डोळ्यांसारखे ठिपके होते. पिवळ्या कड्यातले, ओळीनं मांडलेले. आणि दिवाळीनंतरच्या या रोलमध्ये एकाही पंखावर डोळा नव्हता. नुसतं वाळकं पान, त्याच्या शिरा, त्याच्यावरचे कुजल्यासारखे काळे डाग. पंखाचं टोकसुद्धा वेगळं, आकड्यासारखं वळलेलं. म्हणजे फोटो बदलले होते, दुसरं काय? पुढचा रोल मी परभणीला धुवायला दिला.

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी बाई मी. आई म्हणायची, हिला सासरी धाडली तर ही आधी बैलगाडीची चाकं मोजून घेईल. मला त्यात काही वाईट वाटत नसे. चार माणसांवर भरवसा टाकून फसण्यापेक्षा आपण डोळे उघडे ठेवलेले बरे, असं मी मानत होते. नर्सच्या नोकरीत तर मला त्याचा अभिमानच होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता. कळमनुरी तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या एका वाडीत माझं उपकेंद्र होतं, दोन खोल्यांचं. वारंगा फाट्यावर एसटीतून उतरायचं, जीप मिळाली तर जीप, नाही तर सागाच्या जंगलातून पायवाट. नवरा परभणीला कचेरीत होता. शनिवारी यायचा, कधी यायचा नाही. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. बाळंतपणं करणाऱ्या बाईला स्वतःचं मूल नसलं की लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण बारशाला बाळ तिच्या हातात देताना त्यांचे हात क्षणभर आखडतात. मला ते बरोबर दिसायचं. मी काहीच दिसलं नाही असं दाखवून बाळाचं वजन घ्यायची.

वाडीच्या शेवटी, जिथं घरं संपून झाडं सुरू होतात तिथं, एक सुईण राहायची. साठीची विधवा, हातापायांच्या काड्या, पण बोटं लांबसडक. अर्धी वाडी तिच्या हातांवर जन्मलेली, म्हणून सगळे तिला माय म्हणत. मी वाडीत आले आणि आमच्यात न बोलता तेढ सुरू झाली. तिनं घरी केलेलं प्रत्येक बाळंतपण म्हणजे माझ्या केंद्रात न झालेलं बाळंतपण. दर मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची मीटिंग असायची. तिथं डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारायचे, "घरी किती आणि केंद्रात किती?" मी आकडा सांगितला की ते नुसते "हं" म्हणायचे. त्या "हं"चा राग मी आठवडाभर म्हातारीवर काढायची. मला वाटायचं, हीच बायकांना सांगत असणार की सुईनं दूध जळतं. तिला तसं बोलताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणून संशय जास्तच.

कॅमेरा भावाचा. तो लग्नांचे फोटो काढायचा. नवा घेतला तेव्हा जुना त्यानं मला दिला, सोबत लेन्सवर बसवायचं एक भिंग. मी त्यानं काय काढणार होते? एका उन्हाळ्यात, लसीचा डबा खांद्याला अडकवून जंगलातून परत येत होते. उन्हं कलली होती. पायाजवळचं एक वाळकं पान उठलं, चार हातांवर जाऊन बसलं. वारा नव्हता. मी पुढं गेले, तर ते पुन्हा उठलं. तिसऱ्यांदा मी गुडघे टेकून वाकून बघितलं, तेव्हा पानाला मिशा दिसल्या. मला आवडलं ते. दिवसभर सगळ्यांच्या पायाखाली पडून राहायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि तिन्हीसांजेला उडायचं. मी त्याचं नाव पाचोळ्या ठेवलं. पुस्तकातलं नाव मला फार उशिरा कळलं, तोवर माझं नाव पक्कं झालं होतं.

पाचोळ्या फुलावर जात नाही. टेंभुर्णीच्या झाडाखाली सडलेल्या फळांवर मी पाच-सहा जण पंख मिटून बसलेले बघितले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंगळवारच्या मीटिंगहून येताना वारंगा फाट्यावर फळवाल्याकडून काळी पडलेली केळी घ्यायची. तो ती गाईला टाकायचा, मला तशीच द्यायचा. वाडीजवळच्या ओढ्याकाठी एक बेहडा होता. पळसाच्या पानावर केळी कुस्करायची, वर गुळाचा खडा, पान बेहड्याच्या बुंध्याशी ठेवायचं. पण तिन्हीसांजेला भिंगातून नीट दिसत नसे, फोटो सगळे धुरकट येत. मग मी उजेड असतानाच अंतर ठरवायला शिकले. एक दगड केळ्याजवळ, एक दगड मी बसायचे तिथं. दगड नेमके सापडावेत म्हणून त्यांच्यावर दवाखान्यातलं लाल औषध लावून ठेवलं, जखमेला लावतात ते. कॅमेरा आधीच त्या अंतराला लावायचा, आणि पाचोळ्या आला की फ्लॅश मारायचा.

आता हे सगळं एकत्र वाचणाऱ्याला लगेच समजेल. मला समजलं नाही. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी तिठ्यावरच्या उताऱ्यातला नारळ उचलून आणून फोडला होता आणि आम्हा भावंडांना खोबरं खायला घातलं होतं. आजारपण उतरवून टाकायला कुणीतरी ठेवलेलं ते सामान, त्याला हात लावायलाही लोक भ्यायचे, आणि आम्ही ते गुळाबरोबर खाल्लं. तसल्या घरात वाढलेल्या माझ्या डोक्यात मंगळवार, तिन्हीसांज, केळं, गूळ, तांबडे दगड आणि झाडीत पेटून विझणारा उजेड या गोष्टी एका माळेत आल्याच नाहीत.

माझ्या डोक्यात दुसराच संशय होता. बुधवारी सकाळी पान चाटून पुसून स्वच्छ असायचं. एका सकाळी ओल्या मातीत मला अनवाणी पावलांचे ठसे दिसले. लांब, अरुंद, अंगठा बाहेर वळलेला. असा अंगठा वाडीत एकीचाच होता. पुढच्या मंगळवारी फोटो काढून झाल्यावर मी परत गेल्यासारखं दाखवलं आणि करवंदीच्या जाळीमागे बसून राहिले. थोड्या वेळानं म्हातारी आली. बेहड्यापासून दहा पावलांवर उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं, हातातली काठी दोनदा आपटली आणि गेली. केळ्याला तिनं हात लावला नाही. मी लपल्याचा वास लागला असणार हिला, असं मी स्वतःला सांगितलं. माझी केळी चोरते म्हातारी, आणि वर पाळत ठेवते. डॉक्टरांना जाऊन सांगेल, नर्सबाई ड्युटी सोडून जंगलात बसतात म्हणून.

त्याच पावसाळ्यात मी पाचोळ्या पाळलाही होता. भादव्यात बांधावरच्या ज्वारीच्या पानावर हिरवी अळी सापडली, डोक्यावर दोन इवली शिंगं असलेली. कापसाच्या रिकाम्या बरणीत ज्वारीची पानं घालून तिला ठेवलं, तोंडाला गॉजची पट्टी बांधली. त्यातून निघालं ते डोळ्यांचं फुलपाखरू. स्टुडिओवाल्याशी भांडून आल्यावर मी रब्बीच्या ज्वारीत पुन्हा शोधलं. मार्गशीर्षात तशीच अळी मिळाली. तोच हिरवा रंग, तीच शिंगं. थंडीत तिला वेळ लागला. मी रोज सकाळी बरणी उजेडाला धरून बघायची. कोश फुटला आणि आत बसला होता बिनडोळ्यांचा, वाळक्या पानाचा पाचोळ्या. दोन जाती नव्हत्याच. गवत हिरवं असतं तेव्हा तो डोळे लावून जन्मतो, आणि पाचोळा पडतो तेव्हा पाचोळा होऊन. स्टुडिओवाल्यानं काही बदललं नव्हतं. मी हिंगोलीला गेले, त्याची माफी मागितली. तो इतका दचकला की त्यानं पाकीट उघडून पुन्हा सगळे फोटो मोजले.

वाडीत मात्र पौषात वेगळंच शिजत होतं. गावाच्या मधोमध एक मोठं घर होतं, दोन म्हशींचं. त्यातली एक म्हैस अचानक आटली. पाठोपाठ त्या घरच्या सुनेला बाळंतपणानंतर ताप भरला. बाळंतपण म्हातारीनं केलं होतं. मला बोलावणं आलं. सुनेच्या छातीत दूध साकळून गाठ झाली होती, ताप त्याचाच. मी शेक द्यायला सांगितला, गोळ्या काढल्या. म्हशीची मालकीण, त्या सुनेची सासू, माझ्याजवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नर्सबाई, ताप साधा न्हाई हा. त्या सुईनीनं केलं. बेहड्याखाली दर मंगळवारी उतारा ठिवून राहिली ती. केळं, गूळ, कुंकवाचे दगड. माझ्या मालकानं डोळ्यानं पाहिलं, जाळ पेटतो अन् इझतो. अन् तिथून जवळ घर कोणाचं हाय, सांगा बरं?"

माझ्या हातात थर्मामीटर होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. मी थर्मामीटर झटकलं आणि म्हणाले, "गोळ्या जेवणानंतर द्या."

एवढंच बोलले मी. नंतर स्वतःला खूप कारणं दिली. सांगितलं तर लोक हसतील, सरकारी बाई केळी घेऊन जंगलात बसते म्हणतील. दोन दिवसांनी आपोआप विसरतील. पण खरं कारण पुढच्याच पंधरवड्यात माझ्या दारात येऊन उभं राहिलं. वाडीतल्या पोटुशा बायका माझ्याकडं यायला लागल्या. एक आली, मग दुसरी, मग आईला घेऊन तिसरी. म्हातारीला कुणी बोलावेना. मीटिंगमध्ये मी आकडा सांगितला तेव्हा डॉक्टर "हं" म्हणाले नाहीत. "व्वा" म्हणाले. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्या दिवशी फाट्यावर मी स्वतःसाठी चांगली पिवळी केळी घेतली आणि जीपमध्ये बसून खाल्ली.

आणि पाचोळ्यासाठी काळीही घेतली. दगड मी पुसून टाकले होते, पण फोटो सुटत नव्हते. बिनडोळ्यांचे दोन सारखे मिळत नाहीत, कुणी सागाच्या पानाचा, कुणी पळसाच्या. मंगळवारी मी लपतछपत जायची. मागं कुणी आहे का बघायची. संशय घेणारी मी, आता चोरासारखी वागत होते.

फाल्गुनापर्यंत गोष्टी हाताबाहेर गेल्या. हातपंपावर म्हातारी आली की बायका कळशा उचलून बाजूला होत. तिला भाकरीपुरतं पीठ दळून देईना कुणी. बाप्ये पारावर बसले आणि ठरलं, पाडव्याच्या आत तिनं वाडी सोडायची. जायचं कुठं? तिला पोरंबाळं नव्हती. जी होती ती सगळी याच वाडीत होती, दुसऱ्यांची.

दोन दिवसांनी दुपारी ती केंद्राच्या दारात आली. कपाळातून रक्त ओघळून भुवईत वाळलं होतं. मी तिला बाकावर बसवलं.

"कोणी मारलं?"

"दगडानं," ती म्हणाली. नाव घेतलं नाही.

मी जखम धुतली. तेच लाल औषध बोळ्यावर घेतलं. खरं सांगायचं तर त्या वेळीही माझ्या मनातला किडा वळवळत होता. ही माझ्याचकडं का आली? मी विचारलं, "माय, मंगळवारी तू त्या बेहड्याखाली काहून जात होतीस?"

तिनं मान वर केली. "तुला ठाव न्हाई व्हय?"

"काय?"

"तूच ठिवून राहिलीस नव्हं ते. पहिल्या मंगळवारापासून पाहून राहिले मी. शेळ्या तोंड घालत व्हत्या केळ्याला, म्हणून हाकलाया येत व्हते. सकाळी वानरं खातेत, ते बराबर हाय. पण शेळीनं बाटवू नये."

माझा हात तिच्या कपाळावर तसाच राहिला. मी विचारलं, "तुला माहीत होतं, मग तू लोकांना सांगितलं का नाहीस? तुझ्या डोक्यात दगड घातला त्यांनी."

"टोकलं तर फळत न्हाई," ती म्हणाली, लहान पोरीला समजावतात तसं. "ठिवणाऱ्या बाईला मागून हाक मारू नये, तिचं नाव कोणापाशी घेऊ नये. धा वर्सं झाली म्हणं तुझ्या लग्नाला. म्या म्हणलं, इतक्या बायकांची लेकरं हातात घेऊन राहिली ही. हिची कूस उजवू दे एकदा. माझं काय, म्हातारीचं? बोलतेत अन् गप बसतेत."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, पुढंही वाटली नाही. मी जिच्यावर चोरीचा आळ घेतला, जिच्या बदनामीवर शाबासकी मिळवली, ती माझ्यासाठी तोंड मिटून दगड खात होती. मी रडत रडतच तिला सगळं सांगितलं. उतारा नव्हता माय, फुलपाखरांसाठी होतं, हा बघ कॅमेरा, हे बघ फोटो. तिनं फोटो हातात घेतले, उलटे सुलटे बघितले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"व्हय, व्हय. फुलपाखराचंच हाय. असंच सांगावं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोटोंचा अल्बम, बरणी आणि कॅमेरा घेऊन पारावर गेले. बाप्ये होते, बायका लांब उभ्या राहिल्या. मी सांगितलं, केळं मी ठेवत होते. दगडाला कुंकू नाही, जखमेचं औषध. जाळ या कॅमेऱ्याचा. मी फ्लॅश मारून दाखवला, दोन लेकरं रडायला लागली.

कुणी विश्वास ठेवला नाही. म्हशीवाला म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला म्हातारीची दया आली, समजून राहिलो आमी." त्याची बायको मागून बोलली, "दया कशाची? काल बाईच्या दवाखान्यात जाऊन बसली व्हती म्हातारी. बाईवरच करणी टाकली तिनं." आणि बायकांनी एकमेकींकडं बघितलं. संशय कसा असतो ते मला तेव्हा दुसऱ्या बाजूनं कळलं. खरं सांगावं, तर तेही त्याच्याच पोटात जातं.

मी हट्टाला पेटले. म्हणाले, मंगळवारी सगळ्यांनी बेहड्याखाली यायचं. नाही आलात तर उपकेंद्राला कुलूप लावून मी चालले. कुलूप लावायचा मला अधिकार नव्हता, पण ते त्यांना कुठं माहीत होतं?

मंगळवारी वाडीतली निम्मी माणसं आली, ओढ्याच्या पलीकडं उभी राहिली. सगळ्यात पुढं म्हशीची मालकीण, पदर तोंडाशी धरून. म्हातारी आपल्या दारातच बसली होती. मी सगळ्यांसमोर केळी कुस्करली, गूळ ठेवला, दगड मांडले. सूर्य बुडाला. बराच वेळ काही झालं नाही. वर्षभर न चुकता येणारा तो प्राणी नेमका आज आला नाही तर?

मग बेहड्याखालचा पाचोळा उठला. एक पान, दुसरं पान, मग तीन-चार एकदम. केळ्यावर येऊन पंख मिटून बसली. मी फ्लॅश मारला. पलीकडून एक म्हातारा म्हणाला, "आरं, पानं जेवून राहिली." कुणीतरी हसलं. एकेक जण ओढा ओलांडून आला, वाकून बघायला लागला.

म्हशीची मालकीण मात्र बघत होती माझ्याकडं. बाई हुशार. ती म्हणाली, "फुलपाखरं तर फुलपाखरं. पण मी तुमाला पुसाच्या म्हैन्यात सांगितलं व्हतं बाई, केळ्याचं अन् दगडाचं. मंग तीन म्हैने तोंड काहून उघडलं न्हाई तुमी?"

खोटं बोलायला मला खूप शब्द सुचत होते. मी म्हणाले, "तुमच्या सुना माझ्याकडं यायला लागल्या होत्या, म्हणून."

अंधार दाटायच्या आत सगळे परत गेले. म्हातारीला वाडी सोडावी लागली नाही. दगड कुणी मारला ते कुणी कबूल केलं नाही. तिच्या दारावर पाडव्याला कुणीतरी गुपचूप आंब्याची डहाळी बांधून गेलं. माझ्यावरचा विश्वास मात्र उडाला. पुढं दोन वर्षं वाडीतल्या बायका मी दिलेली गोळी आधी उजेडाला धरून बघत आणि मग तोंडात टाकत. त्यांचं बरोबर होतं. केंद्रात बाळंतपण असलं की मी म्हातारीला बोलवायला लागले. ती बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, लांब बोटांनी पोट चोळायची, बाकीचं मी बघायची. डॉक्टर एकदा कुरकुरले. मी त्यांच्या चष्म्याकडं सरळ बघितलं, मग नाही बोलले.

पण त्या मंगळवारी, लोक गेल्यावर, म्हातारी काठी टेकत बेहड्याखाली आली होती. मला वाटलं, आता तरी हिला पटलं असेल. ती खूप उदास दिसत होती.

"सगळ्यांसमोर ठिवलंस पोरी," ती म्हणाली. "मोडलं ते. पुन्यांदा पहिल्यापासून धरावं लागल. आता तू न्हाई ठिवायचं. तुझ्या नावानं मी धरते. कोणी पुसलं, तर फुलपाखराला म्हणून सांगीन."

मी हसले. तिला पुन्हा समजावत बसले नाही.

नंतर माझी बदली सेनगावकडं, साखऱ्याला झाली. हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नवरा निवृत्तीला आला, दोघांच्या घराची आम्हाला सवय झाली. भाचीनं मला छोटा डिजिटल कॅमेरा दिला, रोलची आणि स्टुडिओची भानगड संपली. पाचोळ्याचे फोटो मी साखऱ्यालाही काढत राहिले, पावसाळ्यात डोळ्यांचे, उन्हाळ्यात बिनडोळ्यांचे. पण बेहड्याखालच्यासारखे आले नाहीत.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. माघ महिना होता. काही कामानं कळमनुरीला गेले होते, परतताना मनात आलं आणि वारंगा फाट्यावर उतरले. फळवाल्याच्या जागी त्याचा भाऊ होता. काळी केळी मागितली तर माझ्याकडं संशयानं बघायला लागला, मला बरंच वाटलं. वाडीत आधी कुणाकडं गेले नाही. उजेड होता तोवर केळी मांडावीत म्हणून सरळ ओढ्याकडं गेले आणि करवंदीच्या जाळीजवळ बसले. पिशवीतून केळी काढणार, तेवढ्यात काठीचा आवाज आला.

म्हातारी होती. कमरेत पार वाकलेली, एका हातानं झाडं चाचपत येत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नसावं. बुंध्याशी बसली, पदराची गाठ सोडली, पळसाच्या पानावर एक केळं ठेवलं. वर गूळ. आणि हात जोडून म्हणाली, "नर्सबाईची कूस उजवू दे."

त्या दिवशी मंगळवार होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. माझं वय पन्नाशीला टेकलं होतं. पाळी जाऊनही तीन वर्षं झाली होती.

ती उठली. माझ्यापासून पाच पावलांवरून गेली. हाक मारावी, तिचे पाय धरावेत, माय, मी आले, असं म्हणावं, असं फार फार वाटलं. उताऱ्यातलं खोबरं खाऊन वाढलेली मी. माझा त्यातल्या कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही. मागं वळून न बघता ती हळूहळू घराकडं चालत गेली, आणि तिचं दार लागेपर्यंत मी तोंडावर पदर दाबून बसून राहिले. तिला टोकलं नाही.